संगणकाच्या सामानाची यादी

शाळेची हजेरी, गुणपत्रकें, फीची जमा व ग्रंथालयाची देवघेव हीं दप्तरें आतां पुष्कळ ठिकाणीं कागदी वह्यांतून निघून संगणकांत गेलीं आहेत. ज्या संगणकावर तीं राहतात, व जो इतर संगणकांना मागतील तें पुरवितो, त्यास सर्व्हर म्हणतात. यंत्र केव्हां तरी बिघडणारच. म्हणून त्यांतील मजकुराची प्रत दररोज रात्रीं दुसऱ्या ठिकाणीं आपोआप काढून ठेवण्याची चाल आहे. या प्रतीस बॅकअप म्हणतात, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. अशी प्रत असली म्हणजे चिंता मिटली, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा कसा, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

समजा, एके दिवशीं सकाळीं सर्व्हरची डिस्क बंद पडली. नवी डिस्क आणिली, तीवर लिनक्स ही कार्यप्रणाली घातली, आणि रात्रीच्या प्रतींतून सर्व दप्तरें परत उतरून घेतलीं. एकही गुण हरवला नाहीं. तथापि ग्रंथालयाचें दप्तर उघडेना. कारण तें ज्या सॉफ्टवेअरनें लिहिलें होतें तें नव्या डिस्कवर नाहीं. तें कोणतें होतें? पांच वर्षांपूर्वीं ज्या गृहस्थांनीं तें बसविलें ते परगांवीं निघून गेले. विचारपूस करून तें मिळविलें, तों दुसरीच अडचण उभी राहिली. गुणपत्रकें छापलीं, आणि मुलांच्या नांवांच्या जागीं ओळीनें रिकाम्या चौकटी उमटल्या! मराठी अक्षरांचा 'लोहित' नांवाचा फॉन्ट जुन्या यंत्रांत होता, तो नव्यांत कोणी घातला नव्हता. दहावीच्या मुलाला दाखला आजच हवा असतो. 'मजकूर सुखरूप आहे' एवढ्या उत्तरानें त्याच्या पालकांचें कितपत समाधान होईल, याची कल्पना करावी. धान्य सारें वाचलें, पण जातें कोणतें होतें आणि चूल कोठें होती हेंच कोणास आठवत नाहीं, असा हा प्रकार आहे.

उपाय फार साधा आहे. मजकुराची प्रत निघण्यापूर्वीं सर्व्हरनें स्वतःच आपल्यावर बसविलेल्या सॉफ्टवेअरची यादी लिहून काढावी, आणि ती यादीहि त्याच प्रतीबरोबर बाहेर जावी.

ही यादी माणसानें हातानें करूं म्हटलें तर साधणार नाहीं. १९९३ सालीं सुरू झालेला डेबियन हा लिनक्सचा एक प्रसिद्ध प्रकार घ्या. त्याच्या २०२३ सालच्या बाराव्या आवृत्तींत ६४,००० हून अधिक पॅकेजें आहेत. पॅकेज म्हणजे एखादें सॉफ्टवेअर व त्याच्या फाइली यांचें, नांव व आवृत्ति घालून बांधलेलें गाठोडें. एका सर्व्हरवर त्यांपैकीं थोडींच असतात, तरी तीं सर्व आपण मागविलेलीं नसतात. एका व्याह्यांना आमंत्रण द्यावें आणि त्यांच्याबरोबर चाळीस वऱ्हाडी यावे, तसें एक पॅकेज बसवितांना त्याला लागणारीं दुसरीं कितीएक आपोआप येतात. म्हणून याद्या दोन असाव्या. एक 'डीपीकेजी' या हत्याराकडून मिळते. तींत झाडून सर्व पॅकेजांचीं नांवें व आवृत्त्या असतात. दुसरी 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ही आज्ञा देते. तींत आपण नांव घेऊन बोलाविलेलीं तेवढींच, म्हणजे फक्त व्याही. नवें यंत्र उभारतांना ही दुसरी कामास येते, कारण वऱ्हाड मागून येतेंच. काय बदललें याचा शोध घेणें असेल तेव्हां पहिली पाहावी. रेड हॅट या प्रकारच्या लिनक्सवर पहिल्या यादीचें काम 'आरपीएम -क्यूए' ही आज्ञा करते.

आवृत्तीचा आंकडा लिहिण्यावर आमचा एवढा कटाक्ष कां, असें कोणी विचारील. पोस्टग्रेसक्यूएल नांवाचें, दप्तरें सांभाळणारें एक सॉफ्टवेअर आहे. त्याच्या १३ व्या आवृत्तीनें डिस्कवर लिहिलेल्या फाइली १५ वी आवृत्ति जशाच्या तशा उघडीत नाहीं. डेबियनच्या अकराव्या आवृत्तींत १३ येते व बाराव्या आवृत्तींत १५. जुन्या यंत्रावर काय होतें हें लिहिलेलें नसेल तर नवें घालून आपण स्वतःच आपल्या दप्तरास कुलूप लावून बसूं.

याच सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांमुळें घडलेली एक गोष्ट जगजाहीर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब या कंपनीच्या एका तंत्रज्ञाकडून मुख्य डेटाबेसचा सुमारें ३०० गिगाबाइट मजकूर चुकून पुसला गेला. बॅकअपची व्यवस्था होती. पण प्रती जेथें साठावयाच्या तेथें पाहतात तों कांहींच नाहीं! डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, आणि प्रत काढणारें हत्यार ९.२ चें, तें चुकीची सूचना देऊन थांबत असे. ती सूचना कळविणारे ईमेलहि वाटेंतच नाकारले जात, म्हणून कोणास सुगावा लागला नाहीं. सुदैवानें एका तंत्रज्ञानें सुमारें सहा तास अगोदर दुसऱ्याच कामाकरितां काढलेली एक प्रत हातीं लागली व तिजवरून सारें सावरलें. तरी मधल्या तासांतील नोंदी गेल्याच. निदान ५,००० प्रकल्प व सुमारें ७०० नवीं खातीं यांस त्याची झळ लागली. कंपनीनें ही चूक न लपवितां सविस्तर प्रसिद्ध केली, हें आम्हांस विशेष वाटतें. दोन्ही यंत्रांच्या याद्या कोणी शेजारीं शेजारीं ठेवून वाचल्या असत्या तर ९.२ व ९.६ हे आंकडे डोळ्यांत भरले असते.

आतां प्रत्यक्ष कृति. ठरल्या वेळीं ठरलें काम करणारा 'क्रॉन' नांवाचा एक सेवक लिनक्समध्यें असतो. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव पडलें आहे. रात्रीं दोन वाजतां त्यानें प्रथम दोन्ही याद्या फाइलींत लिहाव्या आणि मग 'आरसिंक' सारख्या हत्यारानें सर्व मजकूर दुसऱ्या यंत्रावर न्यावा. क्रम उलटा झाला तर मजकूर आजचा व यादी कालची, असें होतें. 'ईटीसी' या फोल्डरांत प्रत्येक सॉफ्टवेअरच्या जुळणीच्या फाइली असतात, आणि पॅकेजें कोठून आणावयाचीं त्या ठिकाणांचे पत्तेहि तेथेंच असतात. तें फोल्डर सोबत गेलेंच पाहिजे. यादी लिहितां आली नाहीं तर माणसास कळविण्याची सोयहि असावी, आणि तें कळविणें खरोखर पोंचतें कीं नाहीं हें अधूनमधून पाहावें.

या याद्यांस सर्व कांहीं दिसतें असें मात्र नाहीं. पायथन भाषेच्या पुरवण्या 'पिप' नें बसविल्या असतील तर 'पिप फ्रीझ' म्हणून त्यांची निराळी यादी काढावी लागते. कोणी एखादी फाइल नुसती आणून ठेवली असेल तर ती कोणत्याच यादींत येत नाहीं. ती ठेवणारानेंच लिहून ठेविली पाहिजे.

यादीचा दुसराहि एक उपयोग आहे. मार्च २०२४ च्या अखेरीस 'एक्सझेड' या, फाइली आवळून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेविल्याचें उघडकीस आलें. अशा दिवशीं ज्याच्यापाशीं ताजी यादी आहे त्याला आपल्याकडे ती आवृत्ति आहे कीं नाहीं हें घडीभरांत सांगतां येतें.

कोणी म्हणेल, डेबियन स्वतःच पॅकेजांच्या नोंदीची प्रत रोज काढतो, मग हा खटाटोप कशाला? काढतो खरा, परंतु ती प्रत त्याच डिस्कवर, 'व्हार' मधील 'बॅकअप्स' या फोल्डरांत पडून राहते, आणि डिस्क गेली म्हणजे तिच्याबरोबरच जाते. व्याह्यांची छोटी यादी तर थोडक्या कागदांवर मावते. दर सत्राच्या आरंभीं ती छापून, तारीख घालून, कचेरींतील कपाटांत ठेवावी. सर्व्हर बंद असतांहि ती वाचतां येते.