लसीची दुसरी मात्रा लांबली तर?

‘डॉक्टर, दुसऱ्या डोसची तारीख उलटून गेली. आता पहिल्यापासून सुरुवात करायची का?’ मुळशी तालुक्यात २०२१ च्या उन्हाळ्यात हा प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकला. बाळाची लस चुकलेल्या आया तो आजही विचारतात. तेव्हा या आठवड्यात त्याविषयी.

दोन मात्रा कशासाठी?

पहिल्या मात्रेने शरीराला रोगजंतूची ओळख होते. पुढच्या काही आठवड्यांत रोगप्रतिकारक पेशी ती ओळख पक्की करतात. मग दुसरी मात्रा मिळताच प्रतिपिंडे अधिक वेगाने आणि अधिक प्रमाणात तयार होतात. आपल्याकडच्या भातशेतीचे उदाहरण घ्या. रोप तयार होण्याआधी लावणी करून उपयोग नाही, आणि रोप जून होऊ देऊनही चालत नाही. लसीचेही तसेच आहे. फरक इतकाच, की प्रत्येक लसीचा ‘वाण’ वेगळा असतो.

साठा अपुरा पडला तेव्हा

देशात कोरोनाचे लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले. समजा, एखाद्या केंद्रावर शंभर मात्रा आल्या. पन्नास जणांना टोचून उरलेल्या पन्नास त्यांच्याच दुसऱ्या मात्रेसाठी शीतपेटीत ठेवायच्या, की शंभर जणांना पहिली देऊन पुढच्या पुरवठ्यावर विसंबायचे? साथ भरात असताना शीतपेटीतली लस कोणाचाही जीव वाचवत नाही. पण पुरवठाच आला नाही, तर शंभर जण अर्धवट राहतात.

याचे उत्तर लसीवर अवलंबून होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या कोविशिल्डचे अंतर आधी २८ दिवसांचे होते. मार्चमध्ये ते आठ आठवड्यांपर्यंत वाढले आणि १३ मे रोजी १२ ते १६ आठवडे झाले. ‘लस नाही म्हणून तारीख ढकलली,’ असे लोक म्हणू लागले. टंचाई खरीच होती, पण निर्णयाला शास्त्राचाही आधार होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या लसीच्या चाचण्यांचे निष्कर्ष आले होते. एका मात्रेनंतर २२ व्या दिवसापासून ९० व्या दिवसापर्यंत संरक्षण ७६ टक्के होते. दोन मात्रांतील अंतर सहा आठवड्यांपेक्षा कमी असता परिणामकारकता ५५ टक्के, तर १२ आठवडे वा अधिक असता ८१ टक्के आढळली.

मात्र डेल्टा विषाणूपुढे एकच मात्रा तोकडी पडते असे दिसताच ब्रिटनने त्याच मे महिन्यात पन्नाशीपुढील लोकांसाठी अंतर १२ वरून आठ आठवड्यांवर आणले. म्हणजे साथ बदलली की हिशेबही बदलतो.

कोव्हॅक्सिन ही निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस. तिच्या दुसऱ्या मात्रेला फार थांबता येत नाही. म्हणूनच महाराष्ट्राने मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण काही काळ थांबवून त्या मात्रा पंचेचाळीसपुढील लोकांच्या दुसऱ्या डोससाठी वळवल्या. तरुण मंडळी नाराज झाली. मला तो निर्णय योग्य वाटला. पहिली सुई टोचताना आपण माणसाला दुसरीचा शब्द दिलेला असतो.

थेंब न् थेंब

कोविशिल्डच्या कुपीत दहा मात्रा असत. कुपी उघडली की चार तासांत संपवावी लागे. त्यामुळे दहा माणसे जमल्याशिवाय ती उघडणे परवडत नसे. धरणामागच्या वाड्यांतून दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या म्हाताऱ्यांना ‘थांबा’ म्हणणे जिवावर येई. अशा वेळी आशाताईंकडची गावातली यादी फार मोलाची ठरते. कुपीत थोडी जादा लसही असते. केरळच्या परिचारिकांनी कौशल्याने तीही वापरली. मे २०२१ च्या सुरुवातीस मिळालेल्या ७३,३८,८०६ मात्रांतून त्यांनी ७४,२६,१६४ मात्रा दिल्या होत्या!

आपण काय करावे?

पहिली गोष्ट, लसीकरणाचे कार्ड रेशनकार्डाइतके जपून ठेवा. दुसरी, ठरल्या तारखेच्या फार आधी लस घेण्याची घाई नको. तिसरी, उशीर झाला म्हणून पहिली मात्रा सहसा वाया जात नाही. बहुतेक लसींत राहिलेली मात्रा घेतली की पुरते, पुन्हा श्रीगणेशा करावा लागत नाही. गोवर-रुबेलाची पहिली लस बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. ती राहिली असेल, तर संकोच न करता आरोग्य केंद्रात जा.

एक मोठा अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. कुत्रा चावल्यानंतर घ्यायच्या लसीला ही सवलत नाही. तिथे एकेक दिवस मोलाचा असतो. जखम लगेच साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सांगितलेल्या प्रत्येक तारखेला सुई घ्या.