विटांची भिंत आणि चेंडू

देवळाली कॅम्पच्या आसपास वाढणाऱ्या मुलांना तोफेचा आवाज काही नवा नसतो. इथे लष्कराची तोफखान्याची शाळा आहे. आणि लगोरी तर साऱ्या महाराष्ट्राच्या मुलांची. सात चपट्या दगडांची उतरंड रचायची, चेंडूने ती फोडायची, आणि पाठीत चेंडू बसण्याच्या आत पुन्हा रचायची.

आता मुलांच्या हाती मोबाइल आला आहे, आणि त्यातही एक चेंडू आहे. वर विटांची भिंत, खाली एक आडवी फळी. फळी सरकवून चेंडू वर टोलवायचा. तो विटेवर आपटला की वीट नाहीशी होते. चेंडू खाली निसटला की तो गेला. मूल तासन् तास त्यात गुंतते आणि घरचे वैतागतात. हा वैताग काही खोटा नाही. पण फोन हिसकावून घेण्यापूर्वी हा खेळ मुळात आहे काय, ते जरा पाहू या.

अमेरिकेतील अटारी या कंपनीने १९७६ साली तो ‘ब्रेकआउट’ या नावाने काढला. नाणे टाकून खेळायचे ते उभे यंत्र होते. पडदा काळापांढरा, त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या चिकटवून विटांना रंग आणला होता. विटांच्या आठ ओळी, प्रत्येक ओळीत चौदा विटा. खालून वर दोन-दोन ओळी पिवळ्या, हिरव्या, नारिंगी आणि तांबड्या. त्यांचे गुण अनुक्रमे १, ३, ५ आणि ७. एक भिंत पुरी फोडली तर एकूण गुण किती? गुरुजी, हे गणित वर्गात घालून पाहा. उत्तर येईल ४४८.

या यंत्राचा एक नमुना तयार करण्याचे काम स्टीव्ह जॉब्स या तरुणाने घेतले आणि आपला मित्र स्टीव्ह वोझ्नियाक याच्याकडून ते करवून घेतले. वोझ्नियाकने चार दिवस-रात्र खपून फारच थोड्या चिपांत तो नमुना बसवला. जुळणी इतकी दाट आणि अवघड झाली की कारखान्याला ती वापरता आली नाही, आणि अटारीने आपली वेगळी जुळणी केली. पुढे १९७७ साली वोझ्नियाकने ‘ॲपल २’ हा संगणक रचला. त्यात रंग, आवाज आणि फळी फिरवण्याच्या खुंट्या घातल्या, त्या हाच खेळ त्यावर खेळता यावा म्हणून, असे त्याने नंतर सांगितले आहे. आधी ज्या खेळासाठी तारा आणि चिपा जोडाव्या लागल्या, तोच आता नुसत्या लिहिलेल्या आज्ञांवर चालू लागला. तेव्हापासून हौशी मंडळी घरबसल्या आपापला विटांचा खेळ रचत आली आहेत. १९८६ साली जपानच्या टायटो कंपनीने ‘अर्कनॉइड’ काढला. त्यात काही विटा फुटल्या की बक्षिसाच्या गोळ्या खाली पडत. मग हौशी लोकांनीही आपल्या खेळांत नवनवी भर घातली.

हे साधते कसे? चेंडू खरा नसतोच. यंत्र एक ठिपका काढते, पुसते आणि शेजारी पुन्हा काढते. त्याला दोनच आकडे ठाऊक असतात : आडवे किती सरकायचे आणि उभे किती. बाजूच्या भिंतीला लागला की आडवी दिशा उलटायची. छताला किंवा विटेला लागला की उभी दिशा उलटायची. बस्स, एवढेच. आपतन कोन आणि परावर्तन कोन सारखे असतात, हा पुस्तकातला नियम इथे आपोआप दिसतो.

शाळेत संगणक नसला, वीज नसली तरी अडत नाही. चौकटीच्या वहीत ६ घरे रुंद आणि ४ घरे उंच असा आयत काढा. खालच्या डाव्या कोपऱ्यातून चेंडू सोडा. दर पावलाला एक घर उजवीकडे, एक घर वर. पेन्सिलीने मार्ग काढत जा. चेंडू छताला डावीकडून चौथ्या घरापाशी लागेल, मग उजव्या भिंतीला, मग जमिनीला, आणि शेवटी वरच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन आल्या वाटेने परत फिरेल. कितीही वेळ खेळवा, छतावर तो या दोनच ठिकाणी लागणार. मग बाकीच्या विटा फुटणार कशा?

हा प्रश्न मुलांनाच विचारा, बरं का! उत्तर फळीत आहे. फळीचे भाग पाडलेले असतात. चेंडू मधोमध पडला तर एका कोनात उडतो, कडेला पडला तर दुसऱ्या. म्हणजे फळीपाशी परावर्तनाचा नियम मुद्दाम मोडला आहे, आणि खेळणाऱ्याचे सारे कसब तिथेच लागते.

आणखी एक विचारा. तोफेचा गोळा वाकत खाली येतो, मग हा चेंडू सरळ का जातो? कारण त्याला गुरुत्वाकर्षण कोणी सांगितलेलेच नाही. संगणकात सांगितले तेवढेच घडते. दर पावलाला वर जाण्याचा आकडा थोडा थोडा कमी करा, चेंडू गोळ्यासारखा वाकू लागेल. झाला तुमचा नवा खेळ!

संगणक असेल तर ‘स्क्रॅच’ हे साधन फुकट मिळते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत ते मुलांसाठी तयार झाले आणि २००७ साली सर्वांना खुले झाले. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकाखाली एक रचायचे असतात. एकदा उतरवून घेतले की इंटरनेटवाचूनही चालते. पहिल्या दिवशी नुसता चेंडू हलवा, दुसऱ्या दिवशी फळी आणा, विटा त्यानंतर. चुका होतील. चेंडू भिंतीतून आरपार जाईल. त्या वेळी आपण दुरुस्त करून देऊ नये; का गेला ते मुलाला शोधू द्यावे.

लगोरीत उतरंड फोडणाऱ्यांनाच ती पुन्हा रचावी लागते, तेव्हा कुठे डाव जिंकतो. मोबाइलच्या खेळात मुलाच्या वाट्याला नुसते फोडणे येते. रचण्याचे काम दुसऱ्या कोणी दूरदेशी करून ठेवलेले असते. ते काम एकदा तरी आपल्या मुलामुलींच्या हाती द्या. येत्या शनिवारी वही-पेन्सिल घेऊन सुरुवात करून पाहा.