गव्हर्नरच्या सहीने काय होते आणि काय होत नाही
दुर्मिळ आजार दिनाच्या शासकीय उद्घोषणेबद्दलचे गैरसमज

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस जगभर दुर्मिळ आजार दिन म्हणून पाळला जातो. युरोपातील रुग्णसंघटनांच्या ‘युरोर्डिस’ या महासंघाने तो 2008 मध्ये सुरू केला आणि पहिल्या वर्षासाठी 29 फेब्रुवारी ही चार वर्षांतून एकदा येणारी तारीख मुद्दाम निवडली. अमेरिका 2009 पासून त्यात सामील झाली. तिथे या दिवसाच्या आधी राज्याराज्यांतील रुग्णांची कुटुंबे आणि संघटना गव्हर्नरकडे किंवा शहराच्या महापौरांकडे अर्ज करतात, की हा दिवस आपल्याकडे अधिकृतपणे जाहीर करावा. या जाहीरनाम्याला प्रोक्लमेशन म्हणतात. अमेरिकेतील गव्हर्नर भारतातील राज्यपालांसारखा नेमलेला नसतो. तो लोकांनी निवडून दिलेला, राज्याचा कारभार प्रत्यक्ष चालवणारा प्रमुख असतो. म्हणून त्याच्या सहीशिक्क्याचा कागद हातात आला की कुटुंबांना मोठा धीर येतो, आणि नेमका त्या धीरातूनच सर्वांत मोठा गैरसमज जन्म घेतो.

तो असा: गव्हर्नरने सही केली, म्हणजे सरकारने आजाराची जबाबदारी घेतली. आता विमा कंपनी औषध नाकारू शकणार नाही, नवजात बालकांची तपासणी सुरू होईल, संशोधनाला पैसा मिळेल. यातले काहीही प्रोक्लमेशनमुळे होत नाही. त्या दिवसापुरते राज्याने एका आजाराचे नाव घेतले, एवढाच त्याचा अर्थ. त्यात कोणत्याही खात्याला आदेश नसतो, एका डॉलरची तरतूद नसते आणि कोणावर कसले बंधन नसते. सुट्टीही मिळत नाही. संघराज्याच्या 11 सुट्ट्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्याने ठरलेल्या आहेत. हे सगळे अनेक गव्हर्नर कार्यालये आपल्या सूचनापत्रात स्पष्ट लिहितात, तरी दरवर्षी नवी कुटुंबे त्याच आशेने तो कागद विमा कंपनीच्या अपिलाला जोडतात. आजारी मुलाच्या आईवडिलांचा वेळ असा वाया जावा, हे फार वाईट आहे.

गोंधळ होण्यामागे कारणे आहेत. वादळ किंवा पूर आल्यावर गव्हर्नर जी आपत्कालीन उद्घोषणा काढतो, तिचेही नाव प्रोक्लमेशनच असू शकते. पण तिच्या पाठीशी कायद्याने दिलेला अधिकार असतो आणि तिचे परिणाम खरोखर घडतात. गव्हर्नरचा कार्यकारी आदेश खात्यांना पाळावा लागतो. जनजागृतीची उद्घोषणा या दोन्हींहून वेगळी, केवळ सन्मानार्थ असते. महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांच्या मनात तर ‘शासनाने जाहीर केले’ म्हटल्यावर शासन निर्णय येतो, जो निघाला की खात्यांना त्याप्रमाणे वागावे लागते. प्रोक्लमेशनला तो दर्जा नाही.

मग बदल कशाने होतो? न्यूयॉर्क राज्याचे उदाहरण पाहावे. क्रॅबे हा मज्जातंतूंवरचे आवरण नष्ट करणारा आनुवंशिक आजार. माजी फुटबॉलपटू जिम केली यांच्या मुलाचा 2005 मध्ये या आजाराने मृत्यू झाला. केली कुटुंबाने उभारलेल्या संस्थेने राज्य सरकारकडे सतत पाठपुरावा केला आणि 2006 मध्ये न्यूयॉर्क हे प्रत्येक नवजात बाळाची क्रॅबेसाठी तपासणी करणारे देशातील पहिले राज्य झाले. बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर कोणकोणत्या चाचण्या करायच्या, ती यादी राज्याच्या आरोग्य यंत्रणेच्या हातात असते, आणि क्रॅबे त्या यादीत गेला म्हणून तपासणी सुरू झाली. संघराज्याच्या शिफारशीच्या यादीत तो यायला 2024 उजाडले. मधली 18 वर्षे पुरावे, समित्या आणि मतदान यांत गेली.

औषधांचेही तसेच. 1983 चा ऑर्फन ड्रग कायदा झाला, त्याआधी काँग्रेस सदस्य हेन्री वॅक्समन यांनी सुनावण्या घेतल्या, रुग्णांनी साक्षी दिल्या, आणि ‘क्विन्सी’ या दूरचित्रवाणी मालिकेने 1981 मध्ये हा प्रश्न घराघरांत नेल्यावर तिचे नायक जॅक क्लुगमन स्वतः काँग्रेससमोर उभे राहिले. कायद्याने कंपन्यांना करसवलत आणि मान्यता मिळालेल्या औषधावर सात वर्षांचा विक्रीचा एकाधिकार दिला, म्हणून कंपन्या या औषधांकडे वळल्या. राज्य पातळीवर रुग्ण आणि डॉक्टर यांची सल्लागार परिषद हवी असेल, तर तीही कायद्याने येते. नॉर्थ कॅरोलायनाने 2015 मध्ये अशी पहिली परिषद स्थापन केली. भारतातही वेगळे नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयासारख्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत रुग्णाला 50 लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, ती 2021 च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणामुळे आणि 2022 मध्ये त्यात झालेल्या वाढीमुळे. कोणताही दिवस जाहीर केल्यामुळे ती मिळालेली नाही.

यावरून काहीजण थेट दुसरे टोक गाठतात: हा नुसता कागद आहे, त्याच्यामागे लागूच नये. तेही चूक. आजाराचे नाव राज्याच्या शिक्क्याखाली, बिनचूक, तारखेसह छापले जाते. स्थानिक वर्तमानपत्राला बातमीसाठी निमित्त मिळते. आमदाराच्या कार्यालयात जाताना हातात काहीतरी असते आणि पहिल्या भेटीचा विषय आपोआप निघतो. ज्या आजाराचे राज्यात दहा-वीसच रुग्ण आहेत, त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. मात्र विधेयकाची मागणी त्या भेटीत स्वतंत्रपणे, स्पष्ट शब्दांत करावी लागते.

अर्ज कोण करू शकतो, याबद्दलचे समज थोडक्यात निकालात काढता येतात. वशिला लागत नाही. शुल्क सहसा नसते. नोंदणीकृत संस्थाच हवी असेही नाही. बहुतेक राज्यांत साधा रहिवासी अर्ज करू शकतो, आणि तिथे राहणारे मराठी कुटुंबही त्यात आले. गव्हर्नरने स्वतः समारंभाला यावे, ही मात्र वेगळी विनंती असते आणि ती क्वचितच मान्य होते.

प्रत्यक्ष काम एका अर्जाचे आहे. गव्हर्नर कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या अर्जात नाव, राज्यातला पत्ता, दिवसाचे नाव, तारीख, कागद कधीपर्यंत हवा आणि तो टपालाने पाठवायचा की कार्यालयातून न्यायचा, असे तपशील विचारतात. शेवटी सर्वांत महत्त्वाचा रकाना येतो: मसुदा. मजकूर गव्हर्नरचे कर्मचारी लिहितील अशी समजूत बऱ्याच जणांची असते आणि तो रकाना रिकामा ठेवल्याने अर्ज अडकतात. मसुदा अर्जदारानेच द्यायचा असतो. त्याचा साचा जुना आहे: ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारी चार-सहा कलमे, प्रत्येकात एक वस्तुस्थिती, आणि शेवटी ‘त्याअर्थी मी, अमुक राज्याचा गव्हर्नर, हा दिवस दुर्मिळ आजार दिन म्हणून जाहीर करतो’. कार्यालय त्यात काटछाट करते, कधी नकारही देते. उद्घोषणा हे सरकारचे स्वतःचे बोलणे असल्यामुळे ती मिळवण्याचा कोणाला हक्क नसतो.

मसुद्यात नेहमी चुकतात ते आकडे. दुर्मिळ म्हणजे जगात मोजके शंभर रुग्ण, असे अनेकजण धरून चालतात. अमेरिकी कायद्यानुसार देशात 2 लाखांहून कमी लोकांना असलेला आजार दुर्मिळ ठरतो. युरोपीय संघात ही मर्यादा 10,000 लोकांमागे 5 रुग्णांची आहे. एकूण आजार किती, यावर कुठे 7,000 तर कुठे 10,000 छापलेले दिसते. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो. युरोपातील ऑर्फानेट या माहितीसंचावर आधारलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 6,172 आजार मोजले गेले आणि जगाच्या लोकसंख्येपैकी 3.5 ते 5.9 टक्के लोकांना त्यांपैकी एखादा आजार असतो, असा अंदाज निघाला. त्याच अभ्यासात सुमारे 72 टक्के आजार आनुवंशिक आढळले, म्हणजे ‘सगळे दुर्मिळ आजार आनुवंशिक असतात’ हेही खरे नाही. ‘लाखो लोक ग्रस्त आहेत’ असे मोघम कलम लिहिण्यापेक्षा स्रोत दाखवता येईल असा एकच आकडा आणि आपल्या आजाराची दोन ठळक लक्षणे लिहावीत. कागद वाचणाऱ्या बालरोगतज्ज्ञाला त्याचाच उपयोग होतो.

राज्याच्या वर गेल्यास जास्त मिळेल म्हणून काही कुटुंबे थेट वॉशिंग्टनला पत्रे धाडतात. काँग्रेसने एखादा महिना कायमचा ठरवून द्यावा, ही अपेक्षा जुन्या काळावर बेतलेली आहे. फेब्रुवारी हा हृदयआरोग्याचा महिना 1963 च्या संयुक्त ठरावाने ठरला, आणि त्या ठरावानुसार राष्ट्राध्यक्ष आजही दरवर्षी त्याची उद्घोषणा काढतात. पुढे अशा दिवस-सप्ताहांच्या ठरावांची एवढी गर्दी झाली, की 1995 पासून प्रतिनिधीगृहाने स्वतःच्या नियमानेच त्यांना दार बंद केले. सिनेटमध्ये दुर्मिळ आजार दिनाचे साधे ठराव अजूनही मंजूर होतात. ते राष्ट्राध्यक्षांकडे सहीला जात नाहीत आणि त्यांना कायद्याचे बळ नसते. पैसे घेऊन ‘राष्ट्रीय दिना’ची नोंद करून देणाऱ्या खासगी दिनदर्शिकांचा सरकारशी संबंध नाही. तिथे कोणीही पैसे भरू नयेत.

संयुक्त राष्ट्रांबद्दलही असाच एक समज आहे. दुर्मिळ आजार दिन हा संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेला दिवस नाही. आमसभेने डिसेंबर 2021 मध्ये दुर्मिळ आजारांसह जगणाऱ्या लोकांविषयी ठराव केला, पण त्यात दिवस ठरवलेला नाही. ड्युशेन स्नायुक्षयाचा दिवस मात्र आमसभेने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केला. 7 सप्टेंबर, म्हणजे 7-9, ही तारीख आली ती संबंधित जनुकातील 79 एक्सॉनांवरून, म्हणजे जनुकाच्या तुकड्यांवरून.

शेवटचा गैरसमज मुदतीचा. गेल्या वर्षीचे प्रोक्लमेशन यंदा चालत नाही. ते त्या वर्षाच्या त्या तारखेपुरतेच असते आणि आपोआप नूतनीकरण होत नाही; गव्हर्नर बदलला तर नव्या कार्यालयाचे नियमही वेगळे असू शकतात. कार्यालये काही आठवड्यांची आगाऊ सूचना मागतात, आणि वर्षाच्या सुरुवातीला राज्यांच्या विधिमंडळांची अधिवेशने चालू असल्याने फेब्रुवारीचे अर्ज हमखास रेंगाळतात. दुर्मिळ आजार दिनासाठीचा मसुदा डिसेंबरातच कार्यालयात पोहोचता करावा.