जानेफळचा आयपी पत्ता नकाशावर कुठं पडतो?

मेहकर-खामगाव रस्त्यावरच्या जानेफळमध्ये बसून कुणी मोबाइलवर एखादी वेबसाइट उघडली, की ती त्याला मुंबईकर किंवा पुणेकर समजण्याची शक्यता बरीच असते. मग वर हवामान मुंबईचं दिसतं आणि खाली जाहिरात ठाण्यातल्या फ्लॅटची. ही करामत आयपी पत्त्यावरून ठिकाण सांगणाऱ्या लायब्ररीची. तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्राची किंवा शेतकरी कंपनीची वेबसाइट करणाऱ्या मुलामुलींनाही ती वापरावीशी वाटते. बसवायला ती सोपी आहे. तिच्या उत्तरावर किती विसंबायचं, हे ठरवणं अवघड.

लायब्ररीला कळतं कसं

आयपी पत्त्याच्या आकड्यांत गाव दडलेलं नसतं. आयाना ही संस्था पत्त्यांचे गठ्ठे पाच प्रादेशिक नोंदणी संस्थांना देते. आशिया-पॅसिफिकचं काम ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची एपनिक पाहते, आणि भारतात २०१२ पासून निक्सी या संस्थेच्या छत्राखाली आयआरआयएनएन ही नोंदणी यंत्रणा. इंटरनेट कंपन्या तिथून गठ्ठे घेतात, नोंद कंपनीच्या नावावर होते. सातबाऱ्यावर मालकाचं नाव असतं, पण आत्ता शेतात कोण उभं आहे ते त्यावरून कळत नाही, इथंही तसंच. गठ्ठ्यातला कुठला तुकडा कुठल्या शहराकडे वळवलाय, हे माहिती-संच विकणाऱ्या कंपन्या इतर खुणांवरून ताडतात.

मोबाइलवर गुंता वाढतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे पत्ते कमी पडल्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. या सोयीसाठी १००.६४ पासून सुरू होणारा पट्टा २०१२ मध्ये मुद्दाम राखून ठेवला गेला. ग्राहक जानेफळचा असला, तरी त्याची वाहतूक जिथून बाहेरच्या इंटरनेटला मिळते ते शहर दूरचं असू शकतं, आणि लायब्ररीला दिसतं ते हेच शहर.

बसवणं

सर्वांत रुळलेली जोडी म्हणजे मॅक्समाइंड कंपनीचा जिओलाइट-२ हा मोफत माहिती-संच आणि तो वाचणारी जिओआयपी-२ लायब्ररी. पायथॉनमध्ये ती पिपच्या एका आज्ञेत बसते. पीएचपी, जावा, नोड यांच्यासाठीही आवृत्त्या आहेत. लायब्ररीसोबत माहिती-संच मात्र येत नाही, आणि नवखे नेमके इथं अडतात. पूर्वी तो कुणालाही थेट उतरवता यायचा. कॅलिफोर्नियाचा ग्राहक-गोपनीयता कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू होणार होता. त्यामुळे ३० डिसेंबर २०१९ पासून कंपनीनं खातं आणि परवाना-किल्ली सक्तीची केली. खातं उघडा, किल्ली घ्या, पण ती कोडमध्ये लिहू नका. कोड गिटहबवर गेला की किल्लीही जाते.

फाइल एमएमडीबी स्वरूपात मिळते. देशापुरतं काम असेल तर ‘कंट्री’ फाइल घ्यावी, ती ‘सिटी’पेक्षा कितीतरी लहान असते. संच आठवड्यातून दोनदा ताजा होतो, म्हणून जिओआयपी-अपडेट हा छोटा प्रोग्राम क्रॉनला जोडून द्यावा. नवा संच आल्यावर जुना ३० दिवसांत पुसणं आणि वेबसाइटवर मॅक्समाइंडचा उल्लेख करणं, या दोन्ही परवान्यातल्याच अटी आहेत.

कोडमध्ये ‘रीडर’ नावाची वस्तू बनवून तिला फाइलचा मार्ग द्यायचा. ती सर्व्हर सुरू होताना एकदाच उघडावी. प्रत्येक विनंतीला उघडझाप केली तर वेबसाइट उगाच रेंगाळते. शोध मात्र झटपट होतो, कारण फाइल म्हणजे एक झाड असतं आणि पत्त्याच्या एकेका बिटावर डावी-उजवी फांदी धरत जायचं असतं. चौथ्या आवृत्तीच्या पत्त्याला ३२ बिट, सहाव्याला १२८. सारं आपल्याच सर्व्हरवर घडतं, वाचकाचा पत्ता कुणा तिसऱ्याकडे जात नाही. माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण हाच.

उत्तर वाचताना

घरी चाचणी घेताना १२७.०.०.१ किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिला, की ‘पत्ता सापडला नाही’ अशी चूक येते. ते बरोबरच आहे. हे पत्ते सार्वजनिक इंटरनेटवरचे नाहीतच. ही चूक कोडमध्ये पकडून ठेवली नाही तर अख्खं पान कोसळतं. सर्व्हरपुढे एनजिनएक्स किंवा क्लाउडफ्लेअर असेल तर हाती येणारा पत्ता मधल्या यंत्राचा असतो. खरा पत्ता ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या शीर्षात असतो, पण ते शीर्ष कुणीही बनावट पाठवू शकतं, म्हणून आपल्या ओळखीच्या यंत्राकडून आलं असेल तरच मानावं.

उत्तरात ठिकाणांची नावं आठ भाषांत मिळतात: इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन, जपानी, चिनी. भारतीय भाषा एकही नाही, तेव्हा मराठी यादी आपणच करायची.

अक्षांश-रेखांशाच्या शेजारी ‘ॲक्युरसी रेडियस’ नावाचा आकडा असतो, आणि बहुतेक जण तो ओलांडून जातात. वापरणारा त्या बिंदूभोवती इतक्या किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची खात्री कंपनी ६७ टक्के देते, असा त्याचा अर्थ. म्हणजे साधारण तीनांतला एक वर्तुळाबाहेरही असू शकतो.

२० आणि ७७

शहर कळलंच नाही तर लायब्ररी देशाचा एक ठरीव बिंदू देते. भारतासाठी वर्षानुवर्षं तो २० अंश उत्तर, ७७ अंश पूर्व असा मिळायचा. सीआयएच्या वर्ल्ड फॅक्टबुकमध्येही भारताचे हेच गोल आकडे होते. नकाशावर पाहिलं तर हा बिंदू आपल्या वऱ्हाडात, वाशिम आणि रिसोडच्या दरम्यान, जानेफळपासून पन्नास-साठ किलोमीटरवर पडतो! त्याभोवती हजार किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर ते उत्तरेला दिल्लीच्या पुढे जातं आणि दक्षिणेला कोइमतूरपाशी टेकतं. जानेफळच्या माणसाला असा बिंदू मिळाला तर अचूकतेचा भास होईल, पण तो निव्वळ योगायोग.

अमेरिकेत अशाच बिंदूनं माणसांना छळलं. तिथला ठरीव बिंदू होता ३८ उत्तर, ९७ पश्चिम. तो कॅन्सस राज्यातल्या पॉटविन गावाजवळच्या एका शेतघरावर पडला. ६० कोटींहून अधिक आयपी पत्ते त्या घराकडे बोट दाखवत होते. फसवले गेलेले लोक, पोलीस, करखात्याचे अधिकारी त्या दारात येऊन जाब विचारत. पत्रकार कश्मीर हिल यांनी २०१६ मध्ये हे उघडकीस आणलं, तेव्हा मॅक्समाइंडनं बिंदू हलवून विचिटाच्या पश्चिमेच्या एका जलाशयात टाकला.

जानेफळसाठी वापरायचं कसं

देश ओळखायला, परदेशातून होणारे संशयास्पद लॉगिन अडवायला, भाषा किंवा चलन सुचवायला ही लायब्ररी बिनधास्त वापरावी. राज्याचं उत्तर सूचना म्हणून घ्यावं. तालुका किंवा गाव मात्र तिच्याकडून मागूच नये. सोयाबीनचे भाव दाखवायचे असतील तर बाजार समित्यांची यादी द्यावी, वाचकानं मेहकर निवडलं की ते ब्राउझरमध्ये लक्षात ठेवावं. शेताची नेमकी जागा हवी असेल तर फोनच्या जीपीएसची परवानगी मागावी, आणि ती कशासाठी हे मराठीत सांगावं. वर्तुळाची त्रिज्या शंभर किलोमीटरहून मोठी असेल तर नकाशावर खूण काढू नये, फक्त देशाचं नाव लिहावं. साठवायचाही तेवढाच तपशील; २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात घेता लॉगमधले पूर्ण आयपी पत्ते ठरावीक मुदतीनं पुसून टाकावेत.