जुने पोकळ झाड आणि धनेश पक्षी

कोकणातील शेतकऱ्याच्या वरकस जमिनीत, देवराईच्या कडेला किंवा वहाळाच्या काठी एखादा जुनाट बेहडा, सातवीण अथवा रायवळ आंबा उभा असतो. त्याचे खोड आतून पोकळ झालेले असते. फळ्या पाडण्यास ते निरुपयोगी म्हणून जळाऊ लाकडाच्या भावाने ठेकेदारास विकले जाते. व्यवहार लहानसा असतो. परंतु त्यात धनेश पक्ष्याचे घर जाते, आणि तसे घर पुन्हा तयार होण्यास माणसाच्या दोन-तीन पिढ्या लोटतात.

महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आढळतात. त्यांपैकी साधा राखी धनेश गावाशहरांतून आजही दृष्टीस पडतो. उरलेल्या तीन जाती मात्र सह्याद्रीच्या दाट झाडीवर अवलंबून आहेत. सर्वांत मोठा तो महाधनेश. त्याची लांबी तीन ते चार फूट भरते व पिवळ्या चोचीवर मोठे शिरस्त्राण असते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१८ साली त्याची गणना ‘असुरक्षित’ जातींत केली. मलबारी राखी धनेशही याच वर्गात मोडतो. कोकणात ‘ककणेर’ म्हणून ओळखला जाणारा काळापांढरा मलबारी धनेश ‘संकटसमीप’ मानला जातो.

या पक्ष्याची विणीची रीत विलक्षण आहे. धनेशास चोचीने खोड पोखरता येत नाही. त्यास तयार ढोलीच लागते. उन्हाळ्याच्या सुमारास मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, माती व फळांचा गर यांनी तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट राहते. आत तिची पिसे गळतात व तिला उडता येत नाही. तीन-चार महिने ढोलीचा हा बंदोबस्त टिकतो. त्या काळात नर वड, पिंपळ, उंबर यांची फळे गळ्यात साठवून आणतो आणि फटीतून एकेक भरवितो. नर मारला गेला, तर मादी व पिले यांवर उपासमारीची पाळी येते. तीच ढोली वर्षानुवर्षे वापरली जाते.

दुर्दैवाने लाकूडतोडीचा हंगाम आणि धनेशाच्या विणीचा काळ एकच आहे. त्यातच वणवे लागतात, आणि काजू, रबर यांच्या लागवडीसाठी जुनी झाडी साफ केली जाते. धनेशाच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर गुणकारी असते, या समजुतीनेही अनेक पक्षी मारले गेले. या समजुतीस शास्त्रीय आधार नाही.

धनेश हा रानाचा पेरणारा आहे. तो फळे अखंड गिळतो आणि बिया दूरवर टाकतो. रानजायफळ, धूप यांसारख्या मोठ्या बियांच्या झाडांना एवढी फळे गिळू शकणारे पक्षी थोडेच लाभतात. डोंगरावरील झाडी टिकली, तर मातीची धूप थांबते आणि झऱ्यांना पाणी राहते. याचा लाभ अखेर खालच्या भातखाचरांना मिळतो.

रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अत्यल्प असून बहुतेक झाडी खाजगी मालकीची आहे. यास्तव धनेशाचे रक्षण मुख्यतः जमीनमालकाच्याच हाती आहे. त्याकरिता पुढील गोष्टी सहज करता येण्यासारख्या आहेत. झाडांचा सौदा करताना ढोली असलेली व वड-उंबरासारखी फळझाडे त्यातून स्पष्टपणे वगळावीत. माघ ते ज्येष्ठ या काळात अशा झाडाखाली लिंपणाचे तुकडे, विष्ठा किंवा बिया पडलेल्या आढळल्यास तेथे घरटे आहे असे समजून झाडास हात लावू नये. राबासाठी कवळ तोडताना ही झाडे सोडावीत व त्यांच्या बुंध्याभोवतीचे वाळलेले गवत वणव्यापूर्वी काढावे. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ इत्यादी झाडे तोडण्यापूर्वी १९६४ च्या राज्य अधिनियमान्वये परवानगी घ्यावी लागते. धनेशाची शिकार हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे. तसा प्रकार दिसल्यास वनरक्षकास कळवावे.

नवे रोप लावणे हे सत्कृत्य खरेच; परंतु आज लावलेल्या रोपात धनेशाला सामावणारी ढोली नातवंडांच्या काळापर्यंत होणार नाही. तोपर्यंत आजोबांनी राखलेले पोकळ झाड उभे ठेवणे, हेच त्या रोपाइतके मोलाचे काम होय.