ग्वेन्लियन : एका वेल्श नामाच्या व्यक्ती आणि स्थळे

विशेषनामाला अर्थ नसतो, केवळ निर्देश असतो, असे तर्कशास्त्राच्या परंपरेत जॉन स्टुअर्ट मिलपासून सांगितले जाते. नामविचाराच्या अभ्यासकाला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. एखादे नाव पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा ठेवले जाते, व्यक्तीकडून शेताकडे, शेताकडून डोंगराकडे जाते, तेव्हा त्याला शब्दकोशातील नव्हे, पण निराळ्याच प्रकारचा एक अर्थ चिकटत जातो. हा अर्थ कसा चिकटतो, कोण चिकटवतो आणि त्यात इतिहास किती असतो, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात ‘ग्वेन्लियन’ हे एकच वेल्श स्त्रीनाम घेतले आहे.

प्रथम उच्चाराविषयी. या नावाच्या मध्यभागी वेल्श लिपीत जोड ‘ल’ लिहितात. त्याचा ध्वनी आपल्या ‘ल’चा नाही आणि ‘ळ’चाही नाही. जिभेचे टोक ‘ल’च्या स्थानी टेकवून, स्वरतंतू न कंपवता, जिभेच्या कडांवरून श्वास घर्षणाने सोडला की तो निघतो, म्हणजे तो अघोष पार्श्विक घर्षक आहे. देवनागरीत त्याला चिन्ह नसल्याने येथे साधा ‘ल’ वापरला आहे. इंग्रज लेखनिकांचीही हीच अडचण होती आणि तिचे परिणाम पुढे दिसतील.

‘ग्वेन’ हे ‘ग्विन’ या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप. त्याचा अर्थ शुभ्र, गोरी, आणि त्यातून पवित्र, धन्य. वेल्श नामसंग्रहात हे पद फार फलदायी ठरले आहे. आर्थर राजाच्या राणीचे वेल्श नाव ग्वेन्हविवार, त्यातही तेच आहे. ‘लियन’ या उत्तरपदाविषयी मात्र एकमत नाही. जवसाच्या धाग्याशी, तागाच्या कापडाशी त्याचा संबंध जोडला जातो. प्रवाह, पूर या अर्थाच्या शब्दाशीही जोडला जातो. गोऱ्या, सोनेरी केसांची मुलगी असा अर्थ लोकप्रिय आहे. बाराव्या शतकात मुलीचे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात व्युत्पत्ती होती, असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या मनात आजी किंवा आत्या असणार.

याला आधार आहे तो वंशावळींचा. ग्विनेदचा राजा ग्रिफिद आप कनान याची मुलगी ग्वेन्लियन. तिचा विवाह दक्षिणेतील देहायबार्थच्या ग्रिफिद आप ऱ्हीसशी झाला. त्यांचा मुलगा ऱ्हीस आप ग्रिफिद, ज्याने ११७६ च्या नाताळात कार्डिगनच्या किल्ल्यात कवींची व वादकांची स्पर्धा भरवली. आजच्या आयस्टेद्‌वोद या काव्य-संगीत महोत्सवाची परंपरा तेथपर्यंत नेली जाते. या ऱ्हीसच्या पत्नीचे नावही ग्वेन्लियन, ती पोविसच्या मादोगची मुलगी. आणि ऱ्हीसच्या एका मुलीचे नाव पुन्हा ग्वेन्लियन. ही नात एदनवेद वखन या मुत्सद्द्याला दिली गेली आणि त्यांच्याच वंशातून पुढे ट्यूडर घराणे निघाले, ज्याने १४८५ साली इंग्लंडचे सिंहासन घेतले. आई, पत्नी आणि मुलगी या तिघी एकाच नावाच्या असल्यावर साधनग्रंथ वाचणाऱ्याची काय अवस्था होते, याची कल्पना करावी.

म्हणूनच वेल्श परंपरेत नुसत्या नावाने व्यक्ती ओळखता येत नाही. ‘आप’ म्हणजे ‘चा मुलगा’ आणि ‘वेर्ख’ म्हणजे ‘ची मुलगी’ ही पदे लागतात. स्त्री विवाहानंतरही बापाच्याच नावाने ओळखली जाई. ग्रिफिदची ग्वेन्लियन ही मरेपर्यंत ग्रिफिदचीच, तिचा नवराही ग्रिफिद असला तरी. पुढे इंग्रजी कारभाराच्या दबावाखाली स्थिर आडनावे आली तेव्हा ही व्यवस्था विस्कटली. ‘आप ऱ्हीस’चे प्राइस झाले, ‘आप हवेल’चे पॉवेल झाले. पुरुषांची नावे अशा रीतीने आडनावांत गोठून सुरक्षित राहिली. स्त्रीनामाला हा मार्ग क्वचितच मिळाला. त्याला टिकायचे तर एखाद्या मुलीच्या नावात टिकावे लागले, नाहीतर जमिनीवर.

आता जमिनीकडे वळू. पहिला हेन्री १ डिसेंबर ११३५ रोजी वारला आणि वारसाच्या भांडणाने नॉर्मन सत्ता खिळखिळी झाली. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी, १ जानेवारी ११३६ रोजी, गॉवरच्या परिसरात वेल्श सैन्याने नॉर्मनांचा पराभव केला. ग्रिफिद आप ऱ्हीस मदत मागण्यासाठी उत्तरेला, सासऱ्याकडे गेला. त्याच्या अनुपस्थितीत ग्वेन्लियनने स्वतः सैन्य घेऊन किडवेलीच्या मॉरिस द लोंद्रवर चाल केली. ती हरली आणि मारली गेली. सोबत नेलेल्या दोन मुलांपैकी मॉर्गन ठार झाला, माएल्गून कैद झाला. धाकटा ऱ्हीस तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता. त्याच वर्षी कार्डिगनजवळ क्रिग मौर येथे तिच्या भावांनी आणि पतीने नॉर्मनांचा मोठा पराभव केला.

या प्रसंगाचा मुख्य आधार म्हणजे वेल्सचा जेराल्ड. आर्चबिशप बॉल्डविनबरोबर ११८८ साली धर्मयुद्धाच्या प्रचारासाठी केलेल्या वेल्सच्या प्रवासाचे त्याने लॅटिनमध्ये जे वर्णन लिहिले, त्यात किडवेलीच्या निमित्ताने ही हकीकत येते. जेराल्ड ग्वेन्लियनला अ‍ॅमेझॉनांची राणी पेंथेसिलिया हिची उपमा देतो. उपमा गौरवाची आहे, पण पेंथेसिलिया ही ट्रॉयच्या रणात मारली गेलेली राणी, हे जेराल्डच्या शिकलेल्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. पराभव उपमेतच आहे. शिवाय जेराल्ड रक्ताने तीन-चतुर्थांश नॉर्मन होता, आणि त्याची आजी नेस्त ही ग्वेन्लियनच्या नवऱ्याची बहीण होती. घरातली गोष्ट तो घटनेनंतर पन्नासएक वर्षांनी सांगतो आहे. या वृत्तांताकडे अभ्यासकाने विश्वासाने पाहावे, पण घरगुती आठवणीकडे पाहतात त्या विश्वासाने.

किडवेलीच्या किल्ल्याच्या उत्तरेला थोड्या अंतरावर ‘माएस ग्वेन्लियन’ नावाची जागा आहे. ‘माएस’ म्हणजे शेत, मोकळे मैदान, आणि वेल्श भाषेत रणभूमीही. हे अर्थद्वय महत्त्वाचे आहे. स्थलनामात ‘ग्वेन्लियनचे शेत’ आणि ‘ग्वेन्लियनचे रण’ हे दोन्ही एकाच वेळी नांदतात. जेथे ती पडली तेथे झरा फुटला, असे लोक सांगतात. शिर नसलेल्या स्त्रीचे भूत फिरते, असेही सांगतात. आज दिसणारा किडवेलीचा दगडी किल्ला मात्र तिने पाहिलेला नाही. तिच्या वेळी तेथे माती-लाकडाची तटबंदी होती. दगडी बांधकामाचा बराच भाग तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा आहे. म्हणजे प्रवासी ज्या भिंतीकडे पाहून हळहळतो ती नंतरची, आणि ज्या शेतावरून नजर न थांबता जाते तेच खरे साधन. शेताला नाव कोणी दिले, केव्हा दिले, याची नोंद करण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. लोकांनी दिलेले नाव असे असते.

साहित्याच्या अभ्यासकाला या ग्वेन्लियनविषयी आणखी एक कुतूहल आहे. ‘माबिनोगीच्या चार शाखा’ हे मध्ययुगीन वेल्श गद्याचे शिखर. पविल, ब्रान्वेन, मानावदान आणि माथ यांच्या कथांचे. चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या संधिकाळापर्यंत सिद्ध झालेल्या ‘ऱ्हदेर्खचे श्वेत पुस्तक’ आणि ‘हेर्गेस्टचे रक्त पुस्तक’ या हस्तलिखितांत ते मिळते; रचना त्याहून बरीच जुनी, साधारण १०६० ते १२०० च्या दरम्यानची मानतात. कर्ता अज्ञात. १९९७ साली अँड्र्यू ब्रीझ यांनी असे प्रतिपादले की या चार शाखांची कर्ती ग्वेन्लियन असावी. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : कथांत युद्धापेक्षा बाळंतपण, दत्तक मूल, विवाह, स्त्रीवर आलेला आळ यांना अधिक जागा आहे, आणि कथाकाराला उत्तरेतील ग्विनेद व दक्षिणेतील द्‌वेद हे दोन्ही प्रदेश सारखेच परिचित आहेत, जसे माहेर उत्तरेत आणि सासर दक्षिणेत असलेल्या राजस्त्रीला असतील.

हे प्रतिपादन सर्वसाधारणपणे मान्य झालेले नाही, आणि माझ्या मते ते सिद्ध होण्यासारखे नाही. ऱ्हिआनॉनवर मूल खाल्ल्याचा आळ येतो, ब्रान्वेनला आयर्लंडच्या राजवाड्यात स्वयंपाकघरात राबवून रोज मार दिला जातो, हे प्रसंग जिव्हाळ्याने लिहिलेले आहेत यात शंका नाही. पण जिव्हाळ्यावरून लेखकाचे लिंग ठरवणे आणि भूगोलावरून त्याचे माहेर ठरवणे, या दोन्ही उड्या लांब आहेत. फिरस्ता कथेकरीही दोन्ही प्रदेश जाणतो. तरीही या तर्काची नोंद घ्यावीशी वाटते ती वेगळ्या कारणासाठी. अनामिक ग्रंथाला नाव हवे असते आणि केवळ एका प्रसंगापुरत्या उरलेल्या नावाला चरित्र हवे असते. दोघांची गाठ घालण्याचा मोह विद्वानांनाही आवरत नाही. शेताला नाव देणाऱ्या गावकऱ्यांहून ही प्रवृत्ती फारशी भिन्न नाही.

दुसरी ग्वेन्लियन दीडशे वर्षांनंतरची. वेल्सचा अखेरचा स्वतंत्र राजपुत्र लेवेलिन आप ग्रिफिद आणि एलेनर द मॉन्फर यांची ही एकुलती एक मुलगी जून १२८२ मध्ये आबेरग्विन्ग्रेगिन येथे जन्मली. आई बाळंतपणात गेली. ११ डिसेंबर १२८२ रोजी किल्मेरीजवळ लेवेलिन मारला गेला. त्याचा भाऊ दाविद याला ऑक्टोबर १२८३ मध्ये श्रूझबरी येथे हालहाल करून मारण्यात आले. पहिल्या एडवर्डने त्या तान्ह्या मुलीला लिंकनशरमधील सेंप्रिंगमच्या गिल्बर्टाइन मठात पाठवले. तिला नवरा मिळता तर वारस मिळाला असता. मठ हा त्यावरचा रक्तहीन उपाय होता. तिसऱ्या एडवर्डने तिला वर्षाला वीस पौंड नेमणूक दिली. १३३७ साली, पंचावन्न वर्षांचे आयुष्य जवळजवळ सगळे तेथेच काढून, ती वारली.

इंग्रजी नोंदींत तिचे नाव वेन्सिलियन, वेंटलियन असे येते. वर सांगितलेला अघोष ‘ल’ इंग्रज कानाला नीट पकडता आला नाही. कोणी त्यासाठी ‘स’ ऐकला, कोणी ‘ट’. आरंभीचा ‘ग’ही गळाला आहे. जिला भाषा शिकवायला कोणी नव्हते, त्या स्त्रीला आपल्या नावाचा मूळ उच्चार तरी ठाऊक असेल का, असा प्रश्न या लेखनरूपांपुढे मनात येतो. सेंप्रिंगम या स्थलनामात तिचा मागमूस नाही. जेथे ती राहिली तेथे तिचे नाव नव्हते, आणि जेथे नाव आज आहे तेथे जाण्याइतके आयुष्य तिला स्वतःच्या ताब्यात मिळाले नाही.

ते स्थळ म्हणजे वायव्य वेल्समधील कार्नेद पर्वतराजी. ‘कार्नेद’ म्हणजे दगडांची रास. येथे १०६४ मीटर उंचीचे कार्नेद लेवेलिन आणि १०४४ मीटरचे कार्नेद दाविद ही शिखरे जुन्या नावांची आहेत. जवळच्या ‘अर एलेन’ शिखराचा संबंध लोक एलेनरशी जोडतात. नावात बापाचे नाव नसल्याने लेवेलिन कोणता, थोर लेवेलिन की त्याचा नातू, हे नाव स्वतः सांगत नाही. लोकमानसाने मात्र बाप, काका आणि आई असे कुटुंब त्यात पाहिले आणि मुलगी नसल्याचे त्याला जाणवले. राजकन्या ग्वेन्लियन सोसायटीच्या प्रयत्नांनी २००९ साली ९२६ मीटर उंचीच्या ‘कार्नेद इखाव’ या शिखराला ‘कार्नेद ग्वेन्लियन’ हे नाव मिळाले.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा मोहात पाडतो. वेल्शमध्ये स्त्रीलिंगी नामानंतर पुढील शब्दाचे आद्य व्यंजन मृदू होते. ‘लान’ म्हणजे चर्चचे आवार. त्याला संत तेइलोचे नाव जोडले की लान्देइलो, मायर म्हणजे मेरीचे जोडले की लान्वायर. या नियमाने ‘ग’चा लोप होतो. कार्नेद स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘कार्नेद वेन्लियन’ अपेक्षित होते, आणि ते तसे नाही यावरून हे नाव आधुनिक आहे असे म्हणावेसे वाटते. पण कार्नेद दाविद हे जुने नावही नकाशावर अविकृतच लिहिले जाते. तेव्हा या पुराव्यावर वय ठरवता येत नाही. माएस पुल्लिंगी असल्याने तेथे प्रश्नच येत नाही.

किडवेलीची ग्वेन्लियन आणि सेंप्रिंगमची ग्वेन्लियन या आता लोकव्यवहारात एकमेकींत मिसळू लागल्या आहेत. लढणारी आणि कोंडलेली, दोघींना एकच वीरकन्या समजून बोलले जाते. १९१० साली ब्रेकनच्या महापौर झालेल्या, वेल्समधील त्या पदावरील पहिल्या स्त्री ग्वेन्लियन मॉर्गन यांच्या नावात यांपैकी कोणती ग्वेन्लियन होती, हे विचारण्यात अर्थ नाही. त्या नावात दोघीही असू शकतात आणि कदाचित कोणा आजीखेरीज कोणीच नसेल. शिखराचे जुने नाव ‘इखाव’ म्हणजे सर्वांत वरचे. सभोवतालच्या शिखरांची उंची पाहता ते कधीच खरे नव्हते. नकाशाकारांनी ते पुसले नाही; दोन्ही नावे आता शेजारी शेजारी छापली जातात.