रुपया सावरताना

डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग-रसायनांचे अनेक कारखाने आहेत. कुणाचा कच्चा माल डॉलरमध्ये येतो, तर कुणाचा तयार माल डॉलरमध्ये जातो. संपादकांनी रुपयावर लिहायला सांगितलं तेव्हा फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेकडे इथूनच पाहायचं मी ठरवलं.

इतिहास थोडक्यात सांगतो. जुलै 1991 मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं आणि मार्च 1993 पासून दर बाजारावर सोडला गेला. बँकेचं म्हणणं तेव्हापासून एकच आहे: ठरावीक भाव राखायचा नाही, फक्त चढउतार आवरायचे.

बाजारात उतरताना ती दवंडी पिटत नाही. सरकारी बँका एकाएकी भरपूर डॉलर विकू लागल्या की डीलर ओळखतात, आरबीआय आली. आकडे बुलेटिनमध्ये साधारण दोन महिन्यांनी छापून येतात.

मला खिळवून ठेवलं ते त्यानंतर जे घडतं त्याने. बँकेने 86 च्या भावाने एक अब्ज डॉलर विकले, तर बँकांच्या तिच्याकडच्या खात्यांतून 8,600 कोटी रुपये वजा होतात. हे रुपये दुसऱ्या कुणाला मिळत नाहीत, व्यवस्थेतूनच नाहीसे होतात. रोकड आटते, कॉल मनीचा, म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीपुरतं उसनं देतात त्या पैशाचा, दर चढतो. रुपया सावरायला निघालं की कर्ज महागण्याची भीती दाराशी येते, आणि कॅश क्रेडिटवर चालणाऱ्या कारखान्याला ती आधी जाणवते.

2024 च्या अखेरीस नेमकं हेच झालं. त्यावरची तोड म्हणजे डॉलर-रुपया स्वॅप. बँकांकडून आज डॉलर घ्यायचे, रुपये द्यायचे आणि ठरल्या तारखेला डॉलर परत करायचे. बँका त्यासाठी प्रीमियम मोजतात. 31 जानेवारी 2025 ला सहा महिन्यांसाठी 5 अब्ज, मग फेब्रुवारी आणि मार्चमध्ये तीन वर्षांसाठी 10-10 अब्ज डॉलरचे लिलाव झाले. रुपया घसरत असतानाच 7 फेब्रुवारीला रेपो दर 6.50 वरून 6.25 टक्क्यांवर आणता आला, यात या कसबाचाही वाटा आहे. 2007 मध्ये चित्र उलटं होतं. डॉलर धो-धो येत होते, रुपया चाळिशीच्या आत गेला, निर्यातदार हवालदिल झाले. तेव्हा बँकेने डॉलर घेतले आणि बाहेर पडलेले रुपये रोखे विकून व सीआरआर (बँकांनी तिच्याकडे ठेवायची सक्तीची रोख) वाढवून शोषले.

पण स्वॅपला परतफेडीची तारीख असते. पुढच्या तारखांना द्यायचे निव्वळ डॉलर फेब्रुवारी 2025 अखेर 88 अब्जांवर पोचले होते. गंगाजळी 600 अब्जांहून मोठी असल्याने ते पेलण्याजोगं होतं, तरी तेवढे डॉलर आधीच बांधले गेलेले असतात.

मला जास्त काळजी वाटते ती शांततेची. 2023-24 मध्ये रुपया इतका स्थिर ठेवला गेला की फॉरवर्ड कव्हरचा, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव आजच बांधून घेण्याचा, प्रीमियम आयातदाराला फुकटचा खर्च वाटू लागावा. कव्हरसाठी आपल्या बँकेकडे लिमिट लागते, मार्जिन अडकते. छोट्या कारखान्याला हे जड जातं. समजा त्याने नोव्हेंबर 2024 मध्ये 84 च्या भावाचा हिशेब धरून 50,000 डॉलरचा माल तीन महिन्यांच्या उधारीवर मागवला. फेब्रुवारीत 87.50 ने पैसे चुकवताना त्याचे पावणेदोन लाख जास्त गेले, आणि तयार मालाचा भाव तर त्याने गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवला होता.